सोमवारची निळी गोळी

तव्यावर भाकरी असेल तर आधी ती उलटा. तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा, कान तेवढे आमच्याकडे द्या. आज आम्ही आमच्या बचत गटात निघालेल्या एका वादाची गोष्ट सांगणार आहोत. वाद निघाला एका गोळीवरून, आणि तो मिटवायला आम्हाला जवळजवळ शंभर वर्षं मागं जावं लागलं.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी सहावीत आहे. दीड वर्षापूर्वी तिला सारखा ताप येऊ लागला, अंगावर काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. ताई शेतमजुरी करते. गटानं तिला अंतर्गत कर्ज दिलं, उपचाराचा मोठा खर्च सरकारी योजनेतून झाला, आणि मायलेकी सात-आठ महिने मुंबईत धर्मशाळेत राहिल्या. हे सगळं आम्ही ताईला विचारूनच सांगतोय. तीच म्हणाली, "सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

आता मुलगी घरी आहे, शाळेत जाते. पण औषध संपलेलं नाही. या आजारात पहिले काही महिने जोराचं औषध देतात आणि आजार परत उलटू नये म्हणून नंतर साधारण दोन वर्षं घरी गोळ्या घ्याव्या लागतात. तिला मुख्य गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. एक रोज रात्री, दुसरी आठवड्यातून फक्त एकदा. ही दुसरी गोळी चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं.

दवाखान्यातून निघताना ताईला एका मुलीनं समोर बसवून घेतलं. पांढरा कोट, वय असेल अठ्ठावीस-तीस. ताईला वाटलं डॉक्टर. पण ती म्हणाली, "मी फार्मासिस्ट आहे मावशी. औषधांचं मी बघते." तिनं विचारलं, "वाचता येतं का?" ताई म्हणाली, "सही येते, आकडे कळतात." मग तिनं विचारलं, "आठवड्यातला असा कोणता दिवस आहे, जो तुम्ही कधीच विसरत नाही?" ताईला विचार करावा लागला नाही. "शनिवार. आमच्या गटाची बैठक असते." फार्मासिस्टनं कॅलेंडर घेतलं आणि सगळ्या शनिवारांभोवती लाल गोल काढले. तेव्हापासून आमच्या बैठकीत हजेरी, बचत आणि कर्जाचे हप्ते झाले की आम्ही विचारतो, "आजची गोळी?" ताई हो म्हणाली की पुढचा विषय.

पुढच्या खेपेला त्याच मुलीनं ताईला विचारलं, "मावशी, याशिवाय पोरीला काय काय देता? घरचं, शाळेतलं, अंगणवाडीतलं, कुणी वैदूनं दिलेलं, सगळं सांगा." ताई म्हणाली, "दुसरं काही नाही. शाळेत सोमवारी निळी गोळी देतात, तेवढीच." फार्मासिस्ट उठली, डॉक्टरांशी बोलून आली आणि शाळेसाठी चिठ्ठी मिळाली: उपचार चालू आहेत तोवर या मुलीला ही गोळी देऊ नये.

ताईनं हे बैठकीत सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं. आमच्या गटात एक आशाताई आहे. गावातल्या पोरींनी आणि गरोदर बायकांनी रक्तवाढीच्या गोळ्या खाव्यात म्हणून ती दारोदार फिरते. ती चिडलीच. "निळी गोळी रक्त वाढवते. मग रक्ताच्याच आजारात ती नको कशी? उद्या गावात बोभाटा झाला की गोळी वाईट, तर मी पोरींना काय सांगू? सगळ्या गोळ्या उकिरड्यावर जातील." तिचं चुकत नव्हतं. आणि फार्मासिस्टचंही चुकत असेल असं वाटत नव्हतं. शेवटी दवाखान्यानं दिलेल्या नंबरवर आम्ही स्पीकर लावून फोन केला. तिनं आम्हाला धागा दिला. पुढचं आम्ही वाचलं, विचारलं, एकमेकींना समजावलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते मुंबईतच, परळला. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तेव्हा बाळंतपणात बायका फार दगावत. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक वेगळाच रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, दम लागे, चालवत नसे, आणि बाळंतपणात बाई हातची जाई. याचं कारण शोधायचं काम लुसी विल्सकडे आलं. परळच्या हाफकिन संस्थेत तिची प्रयोगशाळा होती. गिरण्याही त्याच भागात होत्या.

तिनं आधी बायकांच्या ताटात पाहिलं. ज्या घरांत भाजीपाला, फळं, दूध कमी, तिथं हा आजार जास्त, असं तिला दिसलं. म्हणजे हा काही लागण होणारा रोग नव्हता, खाण्यातच काहीतरी कमी पडत होतं. तिनं उंदरांना तसंच निकृष्ट खाणं देऊन पाहिलं, मग माकडांवर प्रयोग केले. एका फार आजारी माकडाला तिनं मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे दारू गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड झपाट्यानं सुधारलं. मग तिनं तेच स्वस्तातलं मार्माइट आजारी बायकांना दिलं आणि त्यांच्या अंगात रक्त भरू लागलं. १९३१ साली तिनं हे छापून प्रसिद्ध केलं.

पण त्या काळ्या अर्कातला नेमका कोणता घटक काम करतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. लोक त्याला नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा केला. पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. पुढे हाच तो विल्स फॅक्टर असल्याचं स्पष्ट झालं. आज आपल्याकडे गरोदर बाईला लाल गोळी देतात, शाळेतल्या मोठ्या पोरींना निळी. या गोळ्यांत लोह असतं आणि त्याच्या जोडीला हे फॉलिक ॲसिड. म्हणजे आशाताईच्या पिशवीतल्या गोळीत परळच्या गिरणकामगार बायांचा वाटा आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता पुढचा माणूस आंध्रातला. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, गाव भीमावरम. मद्रासला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते १९२० च्या दशकात अमेरिकेला गेले. तिथं सुरुवातीला पोटासाठी त्यांनी दवाखान्यात रात्रपाळीची हमालीही केली. पुढे १९४० साली ते लेडर्ली नावाच्या औषध कंपनीत गेले. त्यांच्या हाताखालच्या चमूनं फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार करून दाखवलं.

त्याच काळात बॉस्टनच्या मुलांच्या दवाखान्यात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं त्यांच्याकडे येत. त्या वेळी या आजारावर काही औषधच नव्हतं. मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. फार्बरनी विचार केला तो आपल्या आशाताईसारखाच. फॉलिक ॲसिड रक्त वाढवतं, तर या मुलांना देऊन पाहू. त्यांनी दिलं. पण उलटंच झालं. आजार जास्तच वेगानं वाढला असं त्यांना दिसलं.

असं का व्हावं? अंगात नवी पेशी तयार व्हायची तर फॉलिक ॲसिड लागतं. चांगल्या रक्ताच्या पेशीला लागतं, पोटातल्या बाळाला लागतं, तसंच कॅन्सरच्या पेशीलाही लागतं. कॅन्सरची पेशी तर भराभर वाढते, म्हणून तिची भूक मोठी. खत टाकलं की पिकाबरोबर तणही माजतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

फार्बर तिथं थांबले नाहीत. खतानं तण वाढत असेल, तर ते खतच अडवलं तर? त्यांनी सुब्बारावांकडे फॉलिक ॲसिडसारखंच दिसणारं, पण त्याचं काम न करणारं औषध मागितलं. कुलपात जुळी दिसणारी खोटी चावी अडकवून ठेवली की खरी चावी आत जात नाही, तसं. लेडर्लीत अशी औषधं बनली. त्यातलं अमिनोप्टेरिन फार्बरनी १९४७ च्या अखेरीपासून मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी १६ मुलांची हकिकत छापली. त्यांतल्या १० मुलांमध्ये सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, आजार परत आला. पण रक्ताचा कॅन्सर औषधानं मागं हटतो, हे पहिल्यांदा दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी.

अमिनोप्टेरिनचंच धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमच्या ताईच्या मुलीची शनिवारची गोळी तीच. आता कळलं ना, सोमवारची निळी गोळी का नको? शनिवारी आपण खोटी चावी लावून कॅन्सरच्या पेशीची वाट अडवायची आणि सोमवारी खरी चावी हातात द्यायची, असं होईल. म्हणून त्या एका मुलीला, तिच्या उपचारापुरती, ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्या मुलींना हवीच. आशाताईला हे पटलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गोळी वाईट नाही, जोडी वाईट आहे."

याच मेथोट्रेक्सेटनं १९५६ च्या सुमाराला आणखी एक मोठी गोष्ट केली. गर्भाच्या वारेच्या पेशींपासून बाईला होणारा एक कॅन्सर असतो. अमेरिकेत मिन चिउ ली या चिनी वंशाच्या डॉक्टरांनी आणि रॉय हर्ट्झ यांनी तो नुसत्या औषधानं बरा केला. लघवीत आणि रक्तात त्या आजाराची खूण पूर्ण जाईपर्यंत औषध देत राहायचं, हा लींचा आग्रह होता. त्यापायी त्यांना नोकरीवर पाणी सोडावं लागलं. पण पुढे त्यांचंच खरं ठरलं.

मुलीच्या रोजच्या गोळीचीही गोष्ट सांगायला हवी, कारण ती एका बाईची आहे. गर्ट्रूड एलियन, न्यूयॉर्कची. ती पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा कॅन्सरनं गेले. तिनं रसायनशास्त्र शिकून या रोगावर औषध शोधायचं ठरवलं. पण मुलगी म्हणून तिला प्रयोगशाळेत कुणी घेईना. काही दिवस तिनं लोणच्याचा आंबटपणा तपासायची नोकरी केली. लोणच्याचा उद्योग करणाऱ्या आपल्या गटांनी हे लक्षात ठेवावं! पुढे जॉर्ज हिचिंग्ज यांनी तिला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि तिथं तिनं ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध बनवलं. १९५३ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. १९८८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळालं. पीएचडी तिला कधीच करता आली नव्हती.

तिसरं औषध आपल्या दारातलं आहे. सदाफुली. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही दोन औषधं १९५० च्या आणि १९६० च्या दशकांत निघाली. पण मैत्रिणींनो, म्हणून कुणी सदाफुलीची पानं वाटून पिऊ नका. पानात त्याचं प्रमाण किती हे कुणालाच सांगता येत नाही आणि ते विष आहे. तयार औषधसुद्धा शिरेतूनच द्यावं लागतं. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस बहुधा वाचत नाही. जगात असे मृत्यू झाले आहेत. म्हणून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला, की हे औषध पिचकारीत भरून न ठेवता सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावं. पिशवी पाहिल्यावर ती मणक्यात द्यायची चूक कुणी करत नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्राय आणि फ्रायरिक या डॉक्टरांनी या औषधांची मोट बांधली. सदाफुलीचं व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, एलियनबाईंचं औषध आणि एक स्टेरॉइड, अशी चार औषधं एकाच मुलाला. एकेका औषधानं थोडे महिने मिळत होते, चौघांनी मिळून मुलं वर्षानुवर्षं जगू लागली. आज श्रीमंत देशांत या प्रकारच्या कॅन्सरची दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात.

आणि इथंच एक नवी अडचण उभी राहिली. चार औषधं, प्रत्येकाचा दिवस वेगळा, मात्रा वेगळी, त्रास वेगळा. यांचा हिशोब कोण ठेवणार?

तोवर दवाखान्यातल्या औषधवाल्याचं काम तळमजल्यावरचं. वरून चिठ्ठी येणार, त्यानं औषध मोजून खिडकीतून द्यायचं. आपल्याकडच्या कंपाउंडरसारखंच. त्याला आजारी माणसाचं तोंड दिसत नसे. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात एक प्रयोग झाला. फार्मासिस्ट लोकांना तळघरातून काढून नवव्या मजल्यावर, वॉर्डात बसवलं. डॉक्टर आणि नर्स यांच्या बरोबरीनं ते पेशंटची औषधं बघू लागले. क्लिनिकल फार्मासिस्ट ही कल्पना अशा कामांतून रुजली. क्लिनिकल म्हणजे पेशंटच्या खाटेजवळचा.

दुसरी गोष्ट नर्सबाईंची. केमोची औषधं तेव्हा नर्सच वॉर्डात, साध्या टेबलावर मिसळत. हातमोजे असले तर असले. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी अशा नर्सबाईंची लघवी तपासली, तर त्यांच्या अंगात ही औषधं जात असल्याच्या खुणा मिळाल्या. दुसऱ्याचा कॅन्सर बरा करता करता त्यांच्याच पेशींना धोका पोचत होता. त्यानंतर हे मिसळण्याचं काम हळूहळू फार्मसीकडे गेलं. काचेचं खास कपाट, ज्यातली हवा बाहेर येत नाही, दुहेरी हातमोजे, बंद अंगरखा. आमच्या ताईनं मुंबईत काचेमागं "चंद्रावर जाणाऱ्यासारखे कपडे घातलेली माणसं" पाहिली, ती हीच.

तिसरी गोष्ट सांगताना जीव जड होतो. बेट्सी लेहमन ही बॉस्टनच्या मोठ्या वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहिणारी पत्रकार. वय ३९, दोन मुलींची आई, स्तनाचा कॅन्सर. उपचार चालू होता डाना-फार्बरमध्ये, म्हणजे त्याच सिडनी फार्बरनी उभारलेल्या नामांकित संस्थेत. तिला एक औषध चार दिवसांत मिळून द्यायचं होतं. लिहिताना घोटाळा झाला आणि चार दिवसांची एकूण मात्रा तिला रोज दिली गेली, चारही दिवस. चौपट औषध. डिसेंबर १९९४ मध्ये ती गेली. चूक लक्षात आली ती दोन महिन्यांनी, कागद तपासताना. आणखी एका बाईच्या बाबतीतही तीच चूक झाली होती.

शिकलेली बाई, नावाजलेला दवाखाना, हुशार डॉक्टर, आणि तरी असं झालं. कारण मध्ये थांबून "हे इतकं कसं?" असं विचारण्याची पक्की व्यवस्था नव्हती. त्यानंतर तिथं आणि इतर ठिकाणीही नियम कडक झाले. कमाल मात्रा ओलांडली की संगणक अडवतो. केमोची प्रत्येक चिठ्ठी फार्मासिस्ट स्वतः पडताळतो, एकानं केलेला हिशोब दुसरा पुन्हा करतो. १९९६ साली अमेरिकेत कॅन्सरच्या औषधांचं काम फार्मसीतली स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झालं.

आपल्या गटात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघी का असतात? एकीवर अविश्वास म्हणून नव्हे. वही एकीनं लिहिली तरी दुसरीनं वाचायची, म्हणजे चूक झाली तरी पैसे जात नाहीत. दवाखान्यातही तेच. डॉक्टरांनी लिहिलं, फार्मासिस्टनं तपासलं, नर्सनं देण्याआधी पुन्हा नाव विचारलं. तिथं पैशाऐवजी जीव असतो, इतकाच फरक.

ती फार्मासिस्ट दिवसभर काय करते, हेही आम्ही तिला विचारलं. तिनं सांगितलं, की दर वेळी मुलीची उंची आणि वजन घेतात ते उगाच नाही. केमोची मात्रा त्यावरूनच काढतात. वजन घटलं की मात्रा बदलते. पांढऱ्या पेशी किती, किडनी आणि लिव्हर कसं, हे रिपोर्ट पाहून मगच औषध पुढे जातं. एक लाल रंगाचं औषध आहे, ते आयुष्यभरात ठरावीक मात्रेपलीकडे गेलं तर हृदय कमजोर करू शकतं. त्याची बेरीज ती प्रत्येक पेशंटच्या कागदावर ठेवते, आपण पासबुकात ठेवतो तशी. उलटीचं औषध केमोच्या आधी पोचलं का, हेही तीच बघते. आणि शेवटी माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगते. "हिशोब मशीनही करतं," ती म्हणाली, "पण सोमवारची निळी गोळी मला मावशीनंच सांगितली. ती कुठल्याही रिपोर्टमध्ये नव्हती."

आपल्या देशात याची वाट अशी. १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी फार्मसीचं शिक्षण सुरू केलं. १९४८ साली फार्मसी कायदा आला आणि औषध देणाऱ्या माणसाला शिक्षण आणि नोंदणी लागू लागली. २००८ पासून फार्म-डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यातच काढायचं असतं. २०१५ च्या नियमांनी पेशंटला औषधाबद्दल नीट समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहून ठेवलं. आणि परळ? लुसी विल्स जिथं काम करत होती, त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय उघडलं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या, त्यातून त्या रुग्णालयाचा विचार निघाला. मेहेरबाई गेल्या त्याच वर्षी लुसी विल्सनं आपला शोध छापला होता. एकीकडे टाटांच्या घरची बाई, दुसरीकडे गिरणीतल्या बाया. दोन्हीकडचं दुःख आज एका मुलीच्या गोळीत येऊन मिळालंय.

आमच्या तालुक्यात मात्र असं पद नाही. मुंबईहून परत आलं की मेडिकलवाला आणि आपण. म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगतो.

घरात कुणाचा कॅन्सरचा उपचार चालू असेल तर सगळ्या औषधांची एकच वही ठेवा. त्यात बीपीची गोळी, काढा, चूर्ण, शाळेतली गोळी, सगळं लिहा आणि दर खेपेला दाखवा. लपवू नका, कुणी रागावत नाही. "रोज की आठवड्यातून एकदा?" हे तोंडानं विचारून घ्या. मेथोट्रेक्सेट संधिवातालाही देतात, तेव्हाही ती बहुधा आठवड्यातून एकदाच असते. पण तिथं डॉक्टर तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड मुद्दाम लिहून देतात, कारण आजार वेगळा आणि मात्राही कमी. म्हणून एकीचं ऐकून दुसरीनं गोळी बंद करायची नाही. केमोच्या गोळ्या कुटायच्या किंवा तोडायच्या नाहीत, गरोदर बाईनं त्यांना हात लावायचा नाही, आणि लावणाऱ्यानं नंतर साबणानं हात धुवायचे. ताप आला, तोंड आलं, रक्त आलं तर शनिवारपर्यंत थांबायचं नाही, लगेच फोन करायचा.

आणि बारावी सायन्सला असलेल्या मुलींच्या आयांनो, डॉक्टर नाहीतर नर्स एवढ्याच दोन वाटा नसतात. हीही एक वाट आहे. आमच्या ताईची लेक आत्ताच म्हणते, "मी कॅलेंडरवर लाल गोल काढणारी होणार."

तिच्या गोळ्या अजून चौदा महिने आहेत. पुढचं कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरही नाहीत. आशाताई सोमवारी शाळेत जाते, बाकीच्या पोरींना बाईंच्या देखत निळ्या गोळ्या खायला लावते, आणि या पोरीला एक केळ देते. आम्ही शनिवारी बैठकीला बसतो. हजेरी, बचत, हप्ता, आणि मग, "आजची गोळी?"

तुमच्या गटात असं काही विचारत असाल तर आम्हाला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.